औलीत दुसऱ्यांदा: स्नो-प्लाउच्या पुढचा उतार

सात दिवसांचा बेसिक कोर्स करून आपण घरी येतो, प्रमाणपत्राचा फोटो सगळ्या ग्रुपवर टाकतो आणि पुढच्या जानेवारीत पुन्हा उत्तराखंडातल्या औलीला जाऊन पहिल्याच सकाळी चेअरलिफ्टने थेट वर पोचतो. वर उभं राहिल्यावर उमगतं, की गेल्या वर्षी ज्याला आपण स्कीइंग म्हणत होतो ते म्हणजे पाय फेंगडे करून, ब्रेक दाबून धरत, घाबरत घाबरत खाली येणं होतं. मीही असाच उभा होतो. समोर नंदादेवी, खाली देवदारांच्या कडेने गेलेला पांढरा पट्टा, आणि उतरायला सुरुवात करण्याआधीच मांड्या थरथरत होत्या. त्या दिवशी तो उतार उतरायला मला पाऊण तास लागला. त्यातला बराच वेळ मी बसलेला होतो.

हा लेख अशा माणसासाठी आहे, ज्याला स्नो-प्लाउने, म्हणजे स्कीची पुढची टोकं जवळ आणि टाचा लांब अशा ‘ए’ आकाराने, थांबता येतं, दोन्ही बाजूंना वळता येतं, सपाटीवर चालता येतं आणि पडल्यावर उठता येतं, पण उतार जरा उभा झाला की सगळं विसरायला होतं. यातलं काही येत नसेल तर आधी कोर्स करा. गढवाल मंडल विकास निगम सात आणि चौदा दिवसांचे कोर्स घेतं, शिवाय स्थानिक प्रशिक्षकही असतात. लेख वाचून स्की बांधायला जाऊ नका.

एकच उतार, आणि तेच बरं

औली छोटं आहे. साधारण २,५०० ते ३,०५० मीटर उंचीच्या पट्ट्यात मुख्य स्लोप एकच, सुमारे १,३०० मीटर लांबीचा. २०११ सालच्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांमधलं स्कीइंग याच उतारावर झालं. वर न्यायला ८०० मीटरची चेअरलिफ्ट, आणि शिकणाऱ्यांसाठी खाली दोरीला धरून ओढत नेणारी छोटी लिफ्ट. फ्रान्समधल्या त्र्वा व्हाले भागात ६०० किलोमीटरचे तयार उतार आहेत. तिथून आलेला माणूस औलीला अर्ध्या दिवसात ‘संपवून’ टाकतो.

पण आपल्या पातळीच्या माणसाला एकच उतार असणं ही सोय आहे. दर रविवारी सिंहगड चढणाऱ्याला कुठली पायरी निसटती आहे, कुठे ऊन लागतं, कुठे दम खायचा हे पाठ असतं. त्याचं लक्ष वाटेकडे नसतं, स्वतःच्या श्वासाकडे असतं. तसंच इथे. पंधराव्या फेरीला उतार ओळखीचा होतो, भीती कमी होते, आणि मग पाय काय करताहेत याकडे बघायला डोकं मोकळं मिळतं. रोज नवा उतार मिळणाऱ्या मोठ्या रिसॉर्टमध्ये ही फुरसत मिळत नाही.

‘मध्यम’ म्हणजे नेमका किती उभा

युरोपात उतारांना रंग असतात: निळा सोपा, लाल मध्यम, काळा अवघड. काही देशांत निळ्याच्याही आधी हिरवा. जर्मन-ऑस्ट्रियन पद्धतीत निळ्याचा चढ २५ टक्क्यांपर्यंत आणि लालचा ४० टक्क्यांपर्यंत, अधूनमधून एखादा मोकळा टप्पा त्याहून जास्त. अमेरिकेत हिरवा गोल, निळा चौकोन, काळा हिरा. तिथे मध्यम म्हणजे निळा चौकोन, आणि ती प्रतवारी त्या त्या डोंगरापुरती असते. एका डोंगरावरचा निळा दुसरीकडे सहज काळा ठरू शकतो. त्यामुळे “मी निळा करतो” असं कुणी सांगितलं तर आधी विचारा, कुठला निळा.

टक्के अंगाला समजत नाहीत, म्हणून आपल्या ओळखीची तुलना देतो. बोरघाटात रेल्वेगाडीला जादा इंजिनं लावावी लागतात ती ३७ ला १ अशा चढणीसाठी. निळ्या उताराची कमाल मर्यादा ४ ला १ आहे, म्हणजे १४ अंश. लालची अडीचला १, म्हणजे २२ अंशांच्या आत. आकडा ऐकून २२ अंश काहीच वाटत नाहीत. वरून बघताना भिंत वाटते.

औलीत रंग शोधण्यापेक्षा त्या एका उताराचेच तुकडे पाडा. पहिल्यांदा चेअरलिफ्टमध्ये बसून जाताना फोटो काढायचे नाहीत, खाली बघायचं. तीन गोष्टी हेरायच्या: सगळ्यात उभा पट्टा कुठे आहे, दम खायला सपाटी कुठे आहे, आणि कडेला झाडं किंवा खांब उताराच्या किती जवळ येतात. उतार वर-खाली जसा बदलतो तसाच आडवाही बदलतो. त्याच टप्प्यावर एक बाजू दुसरीपेक्षा सौम्य असते. या तीन गोष्टी कागदावर काढता आल्या तर तुमचा नकाशा तयार.

निघण्याआधी

बर्फ पश्चिमी विक्षोभांवर, म्हणजे हिवाळ्यात पश्चिमेकडून येणाऱ्या वादळांवर, अवलंबून असतो. भरवसा धरायचा तर जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारीचा शेवट. पण अलीकडच्या काही वर्षांत बर्फच न पडल्यामुळे औलीतल्या स्पर्धा रद्द कराव्या लागल्या आहेत, तेव्हा दोन महिने आधी तिकिटं काढताना परतीचा पर्याय ठेवा. कृत्रिम बर्फासाठी वर तळं आणि यंत्रं आहेत. पण हवा पुरेशी थंड आणि कोरडी नसेल तर यंत्रातून बर्फ नाही, पाणीच पडतं.

जोशीमठात जानेवारी २०२३ मध्ये जमीन खचायला लागल्यावर जोशीमठ-औली रोपवे बंद झाला. त्यामुळे रस्त्यानेच चढायचं असं धरून चाला. चौदा-पंधरा किलोमीटर आहेत, पण ताजा बर्फ पडला की चाकांना साखळ्या लागतात. चेअरलिफ्ट चालू आहे का, हे मात्र फोन करून नक्की विचारा. ती बंद असेल तर तुमच्या फेऱ्या दिवसाला तीनवर येतात, कारण प्रत्येक वेळी स्की खांद्यावर घेऊन चढायचं असतं. हरिद्वार किंवा ऋषिकेशहून जोशीमठ हा पूर्ण दिवसाचा प्रवास आहे. त्या रात्री जोशीमठातच झोपा. ते १,९०० मीटरच्या आसपास आहे, एकदम औलीला चढलात तर पहिली सकाळ डोकेदुखीत जाते.

आणि मांड्या. सहा आठवडे आधीपासून जिने उतरा. चढू नका असं नाही, पण उतरणं महत्त्वाचं. स्नायू ताणला जात असतानाच वजन पेलायचं, हे स्कीइंगमधलं काम उतरताना होतं. भिंतीला पाठ टेकून खुर्चीत बसल्यासारखं दीड मिनिट बसता आलं पाहिजे. तिसरा व्यायाम लंगडी. हसू नका, पुढे तिचं काम आहे.

भाड्याचं सामान: पंधरा मिनिटं घाला, दुकानदार कंटाळला तरी

बूट आधी, स्की नंतर. बुटात सरळ उभं राहिल्यावर अंगठा पुढे जेमतेम टेकला पाहिजे, आणि गुडघे वाकवून नडगी पुढे रेलली की तो सुटला पाहिजे. सैल बूट पहिली दहा मिनिटं मस्त वाटतो, मग पाय आत वळतो आणि स्की वळत नाही. बहुतेक नवशिके एक माप मोठा बूट घेतात. मोजा एकच, पातळ, गुडघ्यापर्यंतचा. दोन जाड मोजे घातले की पाय आवळला जातो, रक्त कमी पोचतं आणि बोटं जास्तच गारठतात. पँटची आतली बाही, थर्मलची शिवण, काहीही बुटाच्या आत नको. नडगीवर वळ उठला की तिसऱ्या दिवशी तुम्ही पुढे रेलायलाच तयार होत नाही.

स्की तुमच्या हनुवटी आणि नाकाच्या दरम्यान यावी. लांब स्की वेगात स्थिर असते, आखूड पटकन वळते. आपल्याला सध्या वळायचं आहे. धातूची कड तपासायला नखाचा पाठचा भाग तिच्यावर आडवा हलकेच ओढा. नखाची बारीक पूड निघाली तर धार आहे. काहीच निघालं नाही तर दुसरी जोडी मागा. सकाळच्या कडक बर्फावर बोथट कडा म्हणजे ओल्या फरशीवर रबरी स्लीपर. तळ पांढुरका, कोरडा दिसला तर वॅक्स लावून मागा.

सगळ्यात महत्त्वाचं बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारा खटका. त्यावर एक आकडा असतो, तो तुमचं वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि तुम्ही किती जोरात स्की करता यावरून ठरतो. आकडा जास्त असेल तर पडताना स्की सुटत नाही आणि गुडघा पिळला जातो. कमी असेल तर वळणावरच सुटते. आधीच्या गिऱ्हाईकाचा आकडा तसाच ठेवून स्की हातात देणारे भेटतात. मला एकदा माझ्यापेक्षा पंचवीस किलोने जड माणसाची सेटिंग मिळाली होती, आणि ते मला पडल्यावर कळलं. वजन खरं सांगा, स्वतःला ‘मध्यम’ म्हणवून घ्यायची हौस इथे बाजूला ठेवा, आणि दुकानदाराला स्क्रू फिरवताना बघा.

हेल्मेट घ्याच. गॉगल दोन प्रकारचे मिळाले तर उत्तम: उन्हासाठी गडद, ढगाळ दिवसासाठी पिवळा किंवा नारिंगी. ताजा बर्फ अतिनील किरणांपैकी ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो, म्हणून सनस्क्रीन नाकपुड्यांच्या आणि हनुवटीच्या खालच्या बाजूलाही लावा. सह्याद्रीत कधी न भाजणारी ती जागा इथे पहिल्याच दिवशी भाजते.

पहिला दिवस: खालीच राहा

हा सल्ला कुणाला आवडत नाही. वर्षभराने आलेल्या पायांना बर्फाची आठवण यायला अर्धा दिवस लागतो. खालच्या सौम्य उतारावर स्नो-प्लाउची दहा जोडवळणं न थांबता करा. दहा झाली की तीच दहा वळणं हातातल्या काठ्यांशिवाय. मग डाव्या आणि उजव्या बाजूला पूर्ण थांबा, प्रत्येकी पाच वेळा. एका बाजूला नक्कीच जास्त अंतर लागेल. ती तुमची कच्ची बाजू. पुढचा आठवडा प्रत्येक सराव त्या बाजूने सुरू करायचा.

इथेच सह्याद्रीची एक सवय मोडायची आहे. घसाऱ्यावरून उतरताना आपण काय करतो? मागे रेलतो, बूड खाली घेतो, टाचा रोवतो. वर्षानुवर्षं हेच केलेलं असतं, म्हणून स्कीवर भीती वाटली की शरीर आपोआप तेच करतं. आणि स्कीवर मागे रेललं की पुढची टोकं हलकी होतात, स्की ऐकेनाशी होते आणि सुसाट सुटते. म्हणजे जो उपाय घसाऱ्यावर वाचवतो तोच इथे पाडतो. इथे नडगी बुटाच्या जिभेवर दाबलेली हवी, हात समोर, जेवणाचं ताट धरल्यासारखे दिसतील असे. “पुढे वाका” या सूचनेवर लोक कमरेतून वाकतात. ते नको, घोट्यातून वाका. ट्रेकर मंडळींना हे पचायला एरवीच्या माणसापेक्षा जास्त वेळ लागतो, हे मी स्वतःवरून सांगतो.

दुसरा दिवस: घसरायला शिका, मुद्दाम

उभा टप्पा करायच्या आधी तो वळणं न घेता सुखरूप उतरता आला पाहिजे. त्याला साइडस्लिप म्हणतात. उताराला आडवे उभे राहा, दोन्ही स्की समांतर, वरची किंचित पुढे. बर्फात रुतलेल्या आहेत त्या वरच्या बाजूच्या कडा. आता घोटे हळूच खालच्या बाजूला सैल सोडा. कडा सुटतील आणि तुम्ही आडवेच खाली घसराल. घोटे पुन्हा वर वळवले की थांबाल. सोडा, थांबा, सोडा, थांबा. तोंड आणि छाती दरीकडे, म्हणजे उताराकडे. डोंगराकडे बघत राहिलात तर कडा सुटणारच नाहीत.

वजन खालच्या पायावर. हे वाक्य प्रशिक्षक दिवसातून शंभरदा म्हणतात आणि तरी आपण भीतीने डोंगराला टेकतो. डोंगराकडे टेकलात की खालची स्की निसटते.

अर्धा दिवस याला द्या. कंटाळवाणं आहे, पण एकदा हे जमलं की औलीच्या उतारावरचा कुठलाही भाग तुम्हाला अडकवून ठेवू शकत नाही. अडचण आली की आडवं व्हायचं आणि घसरत खाली यायचं. माझी भीती वळणं सुधारल्यामुळे गेली नाही, साइडस्लिप आल्यामुळे गेली.

त्याला जोडून ट्रॅव्हर्स. उतार सरळ खाली न घेता घाटरस्त्यासारखा तिरका कापत जायचा, आणि शेवटी गुडघे डोंगराकडे वळवून वर चढत थांबायचं. ट्रॅव्हर्समध्येच अधूनमधून कडा सोडून थोडं घसरायचं, पुन्हा पकडायचं. मागे वळून ठसे बघा: पकडलं तिथे दोन बारीक रेघा, सोडलं तिथे झाडू मारल्यासारखा पट्टा. दोन्ही मनाप्रमाणे काढता आले की पुढच्या दिवसाची निम्मी तयारी झाली.

तिसरा आणि चौथा दिवस: ‘ए’ मिटवायची

स्नो-प्लाउमधून समांतर स्कीवर एका उडीत जाता येत नाही. मध्ये एक पूल आहे, स्टेम ख्रिस्ती. वळणाची सुरुवात छोट्या ‘ए’ने, शेवट समांतर. क्रम असा:

१. ट्रॅव्हर्समध्ये समांतर उभे. पुढे बघा, कुणी येत नाही ना.

२. वरच्या स्कीची टाच बाहेर सरकवून लहानशी ‘ए’ करा. वेग इथे कमी करायचा नाही, फक्त दिशा दाखवायची.

३. वजन त्या वरच्या पायावर न्या. वळण झाल्यावर तोच खालचा, बाहेरचा पाय होणार आहे. स्की आपोआप उताराच्या सरळ रेषेकडे, म्हणजे पाणी सांडलं तर जिथून वाहील त्या रेषेकडे, वळायला लागेल.

४. ती रेषा ओलांडली की रिकामा झालेला आतला पाय हलकेच बाहेरच्या पायाजवळ आणून समांतर करा.

५. समांतर राहूनच वळण पुरं करा, टोकं थोडी डोंगराकडे येईपर्यंत. वेग इथे कमी होतो.

बहुतेक जण तिसऱ्या पायरीवर अडकतात. सरळ खाली बघणारा तो दीड सेकंद सहन होत नाही, म्हणून पूर्ण शरीर फिरवून स्की ओढायचा प्रयत्न होतो. उपाय लंगडी. सौम्य उतारावर वळण घेताना आतल्या पायाची टाच बर्फावरून दोन बोटं उचला, टोक टेकलेलंच राहू द्या. उचलता आली म्हणजे वजन खरोखर बाहेरच्या पायावर आहे. नाही उचलता आली तर तुम्ही दोन्ही पायांवर वजन वाटून बसला आहात, आणि तोवर ‘ए’ मिटणार नाही. लहानपणी लंगडी धड न खेळलेला माझा एक मित्र या एका सरावाला दोन दिवस अडला होता.

‘ए’ हळूहळू लहान करत जा. मुद्दाम काढून टाकू नका. सौम्य उतारावर, थोडा वेग असताना, एखाद्या वळणाला ती उघडायचीच राहून जाते. उभ्या टप्प्यावर परत उघडेल, तर उघडू द्या. जवळपास वर्षभर माझं डावं वळण समांतर आणि उजवं ‘ए’चं होतं.

औलीतच भारत-तिबेट सीमा पोलिसांची गिर्यारोहण आणि स्कीइंग संस्था आहे, १९७३ पासूनची. त्यांचे जवान उतरताना दिसले तर कडेला थांबून बघा. कमरेच्या वरचा भाग जवळजवळ स्तब्ध असतो आणि सगळं काम खाली चालतं. अर्धा तास असं बघितल्याने सुटतं ते कधी कधी सांगून सुटत नाही.

वेग कमी करायचा तो वळणाच्या आकाराने

इथे नवशिका आणि मध्यम यांच्यातली रेघ आहे, असं माझं मत. नवशिका घाबरला की ब्रेक दाबतो. मध्यम पातळीचा माणूस घाबरला की वळण पुरं करतो. वळण अर्धवट सोडून घाईने दुसरं घेतलं की प्रत्येक वळणागणिक वेग वाढत जातो आणि चौथ्या वळणाला हातातून सुटतो. वळण गोलाकार, स्की उताराला आडवी होईपर्यंत नेली की वेग स्वतःच गळतो. इंग्रजी ‘झेड’ नाही, ‘एस’ काढायचा.

सराव असा: उताराचा एक तुकडा निवडा आणि तो ठरवून आठ वळणांत उतरा. मग तोच तुकडा बारा वळणांत. मग सहा. मोजणी मोठ्याने करा, त्याने श्वासही चालू राहतो. घाबरलेला माणूस श्वास रोखून धरतो आणि मग मांड्या पेटतात.

काठी टेकवणं पाचव्या दिवसापर्यंत लांबवलं तरी चालतं. डावीकडे वळायचं तर डावी काठी, मनगटाने, हलकेच स्कीच्या टोकाजवळ टेकवायची. भार टाकायचा नाही. ती वळणाची टाळी आहे.

एकाच दिवसात चार बर्फ

उतार साधारण उत्तरेकडे तोंड करून असल्याने औलीत बर्फ टिकतो, पण दिवसभरात तो सारखा राहत नाही. सकाळी आदल्या दिवशी वितळलेला थर रात्री गोठून काच झालेला असतो. स्कीचा आवाज खरखर येतो. तेव्हा वर जाऊ नका, चहा घ्या किंवा खालीच साइडस्लिप करा. साधारण साडेदहानंतर वरचा बोटभर थर सैल होतो. फेब्रुवारीच्या अखेरीस तर साबुदाण्यासारखा दाणेदार होतो. हे दोन-अडीच तास सोन्याचे. नवीन सगळं काही याच वेळात करायचं. दुपारी दोनच्या सुमारास, विशेषतः खालच्या भागात, गोळ्यावर सरबत ओतल्यासारखा ओला बर्फ होतो. स्की अचानक अडते आणि माणूस पुढे जातो. अशा वेळी वळणं मोठी, वजन दोन्ही पायांत थोडं जास्त वाटलेलं. आणि चारनंतर सावली आली की तोच ओला बर्फ, खड्ड्यांसकट, पुन्हा दगड होतो.

रात्री ताजा बर्फ पडला असेल तर हे सगळं वेळापत्रक बाद. घोट्यापर्यंतच्या बर्फात स्की एकमेकींजवळ ठेवा, थोडा जास्त वेग ठेवा आणि धीर धरा. वळण उशिरा लागतं, पण लागतं.

ढगात शिरल्यावर उतार आणि आकाश एकच होतात. उंचवटा दिसत नाही, आपण थांबलो आहोत की चालतो आहोत हेही कळत नाही, मळमळतं. अशा वेळी झाडांच्या कडेने उतरा, झाडं नजरेला खूण देतात. पण अगदी बुंध्याजवळ जाऊ नका. ताज्या बर्फात झाडाभोवती पोकळ खड्डा असतो.

माणसं

औलीतला सगळ्यात अवघड अडथळा उतार नाही, पर्यटक आहे. शनिवार-रविवारी उताराच्या मधोमध लोक चालत असतात, फोटोसाठी झोपलेले असतात, मुलं घसरगाडीवरून तिरकी येत असतात. आंतरराष्ट्रीय स्की महासंघाच्या दहा आचारनियमांतला गाभा एवढाच: पुढच्या, म्हणजे खालच्या माणसाचा हक्क पहिला. तो चुकीच्या जागी उभा आहे, त्याला नियम माहीत नाही, तरीही टाळायची जबाबदारी वरून येणाऱ्याची. थांबायचं ते कडेला, आणि उंचवट्याच्या लगेच खाली कधीच नाही. निघताना वर बघायचं. “बाजू, बाजू” असं मराठीत ओरडून गुजराती कुटुंब हलत नाही, हे अनुभवाने सांगतो. वेग कमी करा.

शक्य असेल तर आठवडा सोमवार ते शुक्रवार बसवा.

वर गोरसों बुग्यालचा, म्हणजे उंचावरच्या कुरणाचा, मोकळा पांढरा पसारा दिसतो आणि मोह होतो. तयार स्लोपच्या बाहेर स्थानिक वाटाड्याशिवाय जाऊ नका. साधारण ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर हिमस्खलनाची शक्यता सर्वाधिक असते, आणि कुठल्या उतारावरचा बर्फ सुटायच्या बेतात आहे हे आपल्याला वाचता येत नाही.

पडल्यावर

पडताय हे कळलं की वाचवायच्या नादात मागे हात टेकून उठू बघू नका. गुडघ्याचे लिगामेंट जायची ती जुनी रीत आहे. कुशीवर पडा आणि थांबेपर्यंत पडलेलेच राहा. मग दोन्ही स्की तुमच्या खालच्या बाजूला, उताराला आडव्या करा आणि उठा. निघालेली स्की परत घालताना आधी बुटाच्या तळाला चिकटलेला बर्फ काठीने खरवडून काढा, नाहीतर बाइंडिंग बसल्यासारखं वाटतं आणि पहिल्याच वळणाला उघडतं. खालच्या पायाची स्की आधी घाला, वरची नंतर. उलट केलंत तर एका स्कीवर खाली निघून जाल.

बोटं किंवा नाकाचा शेंडा पांढराफटक पडून बधिर झाला तर चोळायचं नाही. आत जाऊन काखेत किंवा कोमट पाण्यात ऊब द्यायची.

“शेवटची एक फेरी” असं तोंडातून आलं की लिफ्टकडे नाही, पायी खोलीकडे निघायचं. माझ्या दोन्ही मोठ्या पडझडी साडेतीननंतरच्या आहेत.

संध्याकाळी खोलीवर आलात की बुटाचं आतलं अस्तर बाहेर काढून वाळत टाका. हीटरला किंवा शेगडीला चिकटवून नाही, ते आक्रसतं. हातभर लांब ठेवा. बाहेरचं कवच रात्रभर बाल्कनीत ठेवू नका. गोठलेल्या प्लास्टिकमध्ये पाय घालायला सकाळी दोन माणसं लागतात. झोपायच्या आधी अस्तर परत आत घालून बकलं सैल लावून ठेवा.